तुंबलेली नळी

इंजिनमधली ऑइलची गळती रोखणारी सील तिसऱ्यांदा बदलूनही रेवतीच्या जीपखाली ऑइल साचलं. इंजिनची ताकद वाढवणारा सुपरचार्जर तिच्या दिवंगत भावाने स्वतः बसवला होता. "त्या सुपरचार्जरनेच इंजिन बिघडवलं, काढून टाका तो," असं दोन गॅरेजवाले म्हणाले होते. हळूहळू तिलाही ते पटलं होतं.

एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक दस्तगीरचाचा यांनी चालू इंजिनचं ऑइल भरायचं झाकण उघडलं. आतून भसाभस धूर आला.

"सील ठीक आहेत, पोरी. आतली हवा बाहेर सोडणारी नळी तुंबलीय. दाब कोंडला, की ऑइल मिळेल तिथून बाहेर पडतं."

त्यांनी नळी बदलली. रेवती घाट चढून आली, तरी जीपखालची फरशी कोरडीच राहिली.

"म्हणजे दादाचं काम...?"

"एकदम चोख!"

रेवतीने चाचांचे तेलकट हात घट्ट धरले. "तुमचे उपकार आहेत, चाचा. वर्षभर मी त्यालाच बोल लावत होते."