काठोकाठ

हासियतखाननं किटली कढत पाण्यानं विसळली आणि समोर बसलेले विणकर मुहिद्दीन उस्ता तिच्या हाताकडे टक लावून बघू लागले.

आमच्या मर्गिलान शहरात पाहुण्याला घोटभरच चहा ओततात. घोट संपला की पुन्हा ओतायचा, म्हणजे माणूस बसून राहतो. प्याला काठोकाठ भरला तर पाहुण्यानं समजून घ्यावं, प्या आणि वाटेला लागा. गेल्या वसंतात उस्ता हासियतखानला लग्नाचं विचारायला आले ते दोरा लावलेल्या कागदी पुड्यांचा चहा घेऊन. हासियतखाननं पहिलाच प्याला काठोकाठ भरला. साऱ्या गल्लीला हसायला विषय झाला.

आज त्यांनी रुमालात बांधून सुट्या पानांचा हिरवा चहा आणला होता. हासियतखान साठीची विधवा बाई, पण चहाला बसायची ती रेशमी झगा नि मोत्यांचे डूल घालूनच. तिनं चिमूटभर पानं तळहातावर घेतली, त्यांवर ऊन श्वास सोडला आणि वास घेतला.

"कुणी निवडला?"

"मीच. सकाळपासून हुंगतोय. शेवटी दुकानदार म्हणाला, उस्ता, चहा तरी घ्या, नाहीतर डब्यातून नाक तरी काढा."

ती हसली. पहिला चहा प्याल्यात ओतून तिनं तीनदा किटलीत परत घातला, वर गोधडीची टोपी चढवली. मग घोटभर ओतला. उस्तांचा हात सवयीनं साखरेकडे गेला. दारातून तिची सून खाकरली; हासियतखानच्या लेखी असल्या चहात साखर म्हणजे चहाचा अपमान. हात मागे आला.

घोटभर. पुन्हा घोटभर. उस्ता खुलले, रेशमाच्या, मागाच्या गोष्टी सांगू लागले. आणि मग तिनं ओतायला घेतलं ते थांबेचना. चहा काठाला आला.

"अगं बाई!" सून पुटपुटली.

उस्तांचा चेहरा पडला. "काय चुकलं, हासियतखान? साखर तर घेतली नाही!"

"काही चुकलं नाही. उठा आता. बहिणीला रोट्या देऊन रीतसर मागणी घालायला पाठवा. आजच. उद्यावर टाकायला आपण काय विशीतले आहोत?"

उस्ता उठले ते थेट रस्त्यावर. गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या हातातला भरलेला प्याला पाहिला.

"काय उस्ता, परत हाकललं वाटतं?"

"हाकललं ना!" उस्ता खदाखदा हसले आणि थेंबही न सांडता झपाझप बहिणीच्या घराकडे निघाले.