होडीचं चित्र

मृण्मयीने कागदाचा फोन साळूबाईंच्या पुढ्यात मांडला. पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि त्यावर हाताने काढलेली चित्रं: बांगड्या, एसटी, म्हैस, होडी. चित्राला बोट लावलं की मृण्मयी तो पुठ्ठा उचलून दुसरा ठेवणार. म्हणजे फोनच्या आतलं यंत्र तीच.

मुळशीच्या गावांत नुकते कुठे घरोघर बटणांचे फोन आले होते, पण नाव वाचता येत नाही म्हणून म्हाताऱ्या माणसांना फोन लावून द्यायला कुणीतरी लागायचंच. अशा माणसांसाठी चित्रांचा फोन तयार करायचं काम मृण्मयीच्या हिंजवडीच्या ऑफिसात आलं होतं. संगणकाला हात लावायच्या आधी ती पुठ्ठे घेऊन गावोगाव हिंडायची. ऑफिसातले तिला भातुकलीवाली म्हणायचे. म्हणोत बापडे. एसीत बसून साळूबाई कळत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिचे नियम कडक होते. मदत करायची नाही, सुचवायचं नाही. समोरचं माणूस अडलं तर खोट आपल्या चित्रात. आणि पुठ्ठ्याने लबाडी करायची नाही, खरा फोन जे करील तेच करायचं.

कुणासाठी कोणतं चित्र, हे साळूबाईंनीच ठरवलं होतं. बांगड्या म्हणजे लेक, एसटी म्हणजे पुण्यात कामाला असलेला मुलगा, म्हैस म्हणजे डेअरीवाला. होडी कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मृण्मयीनेही विचारलं नाही.

"मावशी, ज्याला फोन लावावासा वाटतो, त्याला लावा," ती म्हणाली.

साळूबाईंचं बोट जराही न अडखळता होडीवर गेलं. मृण्मयी मनातून खूश झाली. तिने वाजणाऱ्या फोनचं चित्र पुढे ठेवलं. साळूबाईंनी तो पुठ्ठा उचलून कानाला लावला.

चुलीपाशी भाकऱ्या थापत बसलेल्या सुनेचा, हेमलताचा, हात थांबला.

"होडी मामंजींची," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मासं धराया गेलं, ते धरणातच ऱ्हायलं. गेल्या पावसाळ्यात."

मृण्मयीच्या हातात दोन पुठ्ठे उरले होते. एकावर हसरा चेहरा, म्हणजे पलीकडून फोन उचलला. दुसऱ्यावर फुली, म्हणजे फोन लागत नाही. खरा फोन फुलीच दाखवणार होता. पण साळूबाई पुठ्ठा कानाशी धरून दाराबाहेर धरणाच्या पाण्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्यापुढे फुली ठेवायला मृण्मयीचा हात होईना. एवढ्या गावांत कधी केली नव्हती ती लबाडी तिने इथे केली. हसरा चेहरा हळूच पुढे सरकवला.

साळूबाईंनी तो पाहिला आणि बाजूला सारला.

"ह्यो कशाला? म्हातारा कंदीच उचलत नव्हता. भाकरी झाली की हेमा लावून द्यायची, म्या निस्ता वाजवायची." त्यांची नजर पुन्हा पाण्याकडे गेली. "वाजला, की यायचा."

मृण्मयीने हसरा चेहरा परत घेतला. फुलीसकट तो पिशवीत घातला. यापुढे दाखवायला तिच्याकडे चित्रच नव्हतं.

हेमलताने शेवटची भाकरी टोपलीत टाकली आणि तवा उतरवला. साळूबाईंनी पुठ्ठा कानाचा काढला नाही.