बागेला प्रदक्षिणा

"मागच्या मैदानावर बाग झालीच, तर तिला बेडूकउड्या मारत प्रदक्षिणा घालीन," पन्नाशीचा पप्या चोरगे चाळीच्या नळावर सगळ्यांदेखत म्हणाला.

"लागली पैज. गुडघ्यांना तेल लावून ठेव," रेगेकाकू म्हणाल्या. मैदान उद्यानासाठी राखीव होतं, पण तिथे खरंच बाग व्हावी म्हणून काकू सोळा वर्षं महापालिकेत चपला झिजवत होत्या.

अखेर कागद आला. बाग बिल्डर बांधून देणार होता. पप्या गॅलरीत उठाबशा काढायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला पैज हरायची होती.

मैदानाला पत्रे लागले. पत्र्यांआडून वर आला तो बावीस मजली टॉवर. त्याच्या गेटला चिकटून बाग निघाली: एक बाक, चार कुंड्या आणि 'सार्वजनिक उद्यान' अशी पाटी.

उद्घाटनाला अख्खी चाळ जमली. पप्याने लेंगा खोचला, कान धरले आणि उडी मारली. पोरं मोजायला लागली. सातव्या उडीला तो निघाला तिथंच परत आला.

कुणी हसलं नाही.

"अजून मार रे," काकू बाकाला धरून म्हणाल्या.

"कुठं मारू, काकू? बाग संपली."