विजेचं भाषण

आमच्या आमदारसाहेबांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. 'सर, पुन्हा विरोधात बसलो आहोत. विदर्भाच्या स्वस्त विजेचं ते भाषण परत पाठवा,' एवढंच त्यात होतं. भाषण मीच लिहून दिलं होतं. त्यावर ते निवडून आले, मंत्री झाले आणि विदर्भाची वीजसवलत त्यांच्याच सहीने बंद झाली.

काल जहीर भेटायला आला. लोहाऱ्यातला त्याचा बर्फाचा कारखाना बंद पडला होता. तो हैदराबादला, दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला निघाला होता. मी संकोचतच त्याला पत्र दाखवलं.

तो हसला. "पाठवून द्या ना, सर. साहेब पलटले, तुमचं भाषण थोडीच पलटलं? मले तर अजून पाठ हाय. माह्या कारखान्याचं नाव आलं, तवा पयल्या टाळ्या मीच वाजवल्या होत्या."

तो गेल्यावर मी भाषण पुन्हा लिहायला बसलो. 'वीज महागली, तर जहीरभाईंच्या कारखान्याला कुलूप लागेल' या वाक्यापाशी आलो. मग ते वाक्य खोडून तिथे कुलूप लागल्याची तारीख लिहिली, आणि आज सकाळी पाकीट टपालपेटीत टाकून आलो.