जालिंदरच्या हातचा डायल

मच्छिंद्रनं डायलचं मागचं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि तो तसाच थांबला. त्याला आत चूक सापडायला हवी होती. एखादा ओरखडा, वाकडा बसलेला स्क्रू, डाखाचा जास्तीचा थेंब, काहीही चाललं असतं. पण आतल्या कामात कुठंच चूक नव्हती.

डायल सकाळी शिरूरच्या विश्वजीतनं आणून दिला होता. त्याचं लेथचं वर्कशॉप होतं. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या सामानात त्याला हा जुना डायल मिळाला. दिसायला घड्याळासारखा. लेथवर फिरणारा लोखंडाचा जॉब केसभर जरी हलला तरी याचा काटा ते दाखवतो. पण आता काटाच मध्येच अडकत होता. असली कामं दौंडात मच्छिंद्रच करायचा.

"नुसता साफ करा, मच्छिंद्रभाऊ," विश्वजीत म्हणाला होता. "आत जास्त हात घालू नका. निमोण्याच्या जालिंदरनं दुरुस्त केलेला हाय म्हणं. तसला हात परत व्हायचा न्हाई."

एवढं बोलून त्यानं जीभ चावली, कारण मच्छिंद्रची बायको अनुपमा चहाचे कप घेऊन दारातच उभी होती. जालिंदर तिचा पहिला नवरा. न्हावऱ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरला त्याची मोटरसायकल धडकली आणि तो जागीच गेला. त्यानंतर दोन वर्षांनी तिच्या भावांनी तिचं मच्छिंद्रशी लग्न लावून दिलं होतं.

अनुपमानं कप ठेवले. मग डायल उचलला, खालची दांडी बोटानं हलकेच दाबली, काटा कसा फिरतो ते बघितलं आणि पदरानं काच पुसून तो परत जागेवर ठेवला. विश्वजीतच्या ते ध्यानातही आलं नाही. मच्छिंद्रच्या मात्र नजरेतून सुटलं नाही. पदरानं पुसलेली ती काच त्याला दिवसभर टोचत राहिली.

तिनं या घरात जालिंदरचं नाव कधी काढलं नव्हतं. त्याचा फोटोही आणला नव्हता. शेजारपाजारच्या बाया म्हणत, किती समजूतदार. मच्छिंद्रला मात्र वाटे, जे मनातून जात नाही तेच माणूस असं झाकून ठेवतं. ती भांडली असती, तोंडावर तुलना केली असती, तर त्यालाही चार शब्द सुनावता आले असते. गप्प बाईशी आणि मेलेल्या माणसाशी भांडायचं कसं? रांजणगावापासून केडगावापर्यंत कुठल्याही वर्कशॉपात गेलं की कुणीतरी जालिंदरची आठवण काढायचंच. मच्छिंद्रचं काम कधीमधी बिघडून परत येई. जालिंदरचं काम बिघडलं तरी परत न्यायचं कुणाकडं?

आणि आता ते काम त्याच्या भिंगाखाली होतं. काटा अडकत होता तो नुसत्या वाळलेल्या तेलानं. पेट्रोलनं धुतलं की झालं असतं. पण त्या तेलाखाली केसासारखी बारीक स्प्रिंग होती. ती पूर्वी कधीतरी टोकाशी तुटली होती आणि कुणीतरी ती पुन्हा बसवली होती. वेढे एकसारखे, टोकाला सुईच्या अग्राहूनही बारीक पितळी पिन. असली स्प्रिंग तुटली की मच्छिंद्र दुसऱ्या भंगार डायलमधली काढून घाली. हे त्याला जमलं नसतं. जन्मात जमलं नसतं.

मागच्या पडवीत अनुपमा तांदूळ निवडत बसली होती. मच्छिंद्रनं एकदा तिच्याकडं बघितलं. मग चिमटा स्प्रिंगच्या टोकाला लावला आणि पिळला.

स्प्रिंग तुटली, आवाजसुद्धा झाला नाही. क्षणभर त्याला हलकं वाटलं. मग त्यानं मुद्दाम मोठ्यानं हाक मारली.

"अगं ए, इकडं ये. बघ तुमच्या निमोण्याची कारागिरी. स्प्रिंग आधीच तुटलेली हाय. कशीबशी अडकवून ठेवलीया. आन् ह्याच्यावर एवढं नाव झालं होतं!"

त्याला तिचा उतरलेला चेहरा बघायचा होता. अनुपमा हात झटकत आली. तिनं त्याच्यापुढचं भिंग उचललं आणि हातानं न धरता भुवईच्या आणि गालाच्या पकडीत बसवलं. ते असं बसवायला मच्छिंद्रला वर्ष लागलं होतं. ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

"बारीक चिमटा द्या," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

तिनं स्वतःच हात लांबवून चिमटा घेतला. स्टूल ओढून ती त्याच्या जागेवर बसली.

"त्यांना जवळचं दिसायचं न्हाई," ती डायलवरून नजर न काढता म्हणाली. "चष्मा लावूनबी न्हाई. कामं घरी आणायचे, मी करून द्यायचे. लोक त्यांचं नाव घ्यायचे, त्यांना बरं वाटायचं. म्हणून मीबी कवा बोलले न्हाई."

लग्नानंतरची पाच वर्षं आपण कुणावर जळत होतो ते मच्छिंद्रला आत्ता कळत होतं. अनुपमानं चिमट्यानं स्प्रिंगचं टोक अलगद उचलून उजेडात धरलं. तुटलेली कड कोरी चमकत होती, तिच्यावर वाळल्या तेलाचा डागही नव्हता.

"ही स्प्रिंग मीच बसवली होती," ती म्हणाली. "आन् ही आज तुटलीया."