उघाडीची पाळी

पोपट रोह्याहून एसटीनं आला आणि गडबच्या फाट्यावर उतरून चालत जनूच्या घराकडे निघाला. पडवीत बाजेवर पडलेल्या जनूनं त्याला लांबूनच चालीवरून ओळखलं. सव्वीस वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. रोहा काही सातासमुद्रापार नव्हे. पण जनूला बोलावणं धाडायची छातीच झाली नव्हती.

आता थांबून चालणार नव्हतं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. जनू ख्रिस्ती झालेला माणूस. मेल्यावर देवापुढं उभं राहायचं आणि तिथं काहीच झाकून राहत नाही, यावर त्याचा पक्का विश्वास. मरणाला तो भीत नव्हता, त्या उभं राहण्याला भीत होता. पेणच्या पाळकांना त्यानं सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले होते, देवाजवळ माफी मागितलीस हे बरं केलंस. पण ज्याचं वाईट केलंस तो अजून जिवंत आहे, त्याच्याकडेही माग. तेव्हा कुठं जनूनं पोपटाला निरोप धाडला होता.

जनूच्या बायकोनं, हौसानं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. पोपट टेकतो न टेकतो तोच जनू बोलू लागला, दम पुरेल की नाही या धास्तीनं.

भरतीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून बांधातल्या उघाडीची, म्हणजे पाण्याच्या दाराची, फळी वेळेवर खाली सोडावी लागे. हे काम घराघरांच्या पाळीनं चाले. सव्वीस वर्षांपूर्वी एका अमावास्येला भर दुपारी उधाण आलं, फळी वरच राहिली आणि अख्ख्या गावाचं पोटरीला आलेलं भात करपून गेलं. पाळी पोपटाची होती. गावानं त्याला वाळीत टाकलं आणि तो बिऱ्हाड घेऊन रोह्याला गेला.

"पर तू मला सांगून गेला होतास," जनू म्हणाला. "आजची पाळी तू कर म्हनून. मी व्हय म्हनलो आन गेलो नाय. गावकीत तू माझ्याकडं बघितलंस, तवा मी मान खाली घातली."

"ते मला ठाऊकच हाय की."

"मग बोलला का नायस?"

पोपटानं आधी हौसाकडं पाहिलं.

"त्याच दुपारी तुमची सरू गेली ना, वयनी. पोरीला मांडीवर घेऊन बसलावता हा. ह्याला आनखी गावकीपुढं कुठं उभा करू?"

हौसानं पदर तोंडाला लावला. चार वर्षांची सरू. तिचं नाव या घरात कोणी काढत नसे.

जनूला भडभडून आलं. पोरीचं नाव पुढं करून सुटायचं नाही मला, असं तो म्हणाला. एवढंसं तर आयुष्य, आणि त्यातली सव्वीस वर्षं तोंड उघडायलाच गेली, हेही म्हणाला.

"तुझा देव इचारील तवा माझं नाव सांग," पोपट म्हणाला. "ज्याचं वाईट झालं तोच साक्षीला येतोय म्हनावं. मलाबी आता लय उशीर नाय."

मग जुन्या सवयीनं त्यानं खाडीकडं पाहिलं. पाणी चढत होतं.

"आज अमावास्या. पाळी कुनाची, वयनी?"

"आमचीच. मीच जाते हल्ली."

"बस तू," म्हणत पोपट उठला, आणि गुडघ्यावर हात टेकत पडवीची पायरी उतरला.

हौसा खांबाला धरून बांधाकडं पाहत राहिली. बोलून थकलेल्या जनूला आता मान उचलवत नव्हती.

"पडली का गो फळी?" त्यानं विचारलं.

"थांब जरा."

तो थांबला. बऱ्याच वेळानं हौसा म्हणाली, "पडली."