पाच परस

"पाच परस झाले, वैनी," विहीर खोदणारा सटवाजी वर येत म्हणाला.

"कुणाच्या परसानं?" सुगंधाबाईंनी त्याच्या ठेंगण्या गड्याकडे रोखून पाहिलं. हात उंच करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. काम ठरलं तेव्हा मापाला त्यांचे उंचपुरे यजमान उभे राहिले होते. ते श्रावणात गेले. आता कुणालाही उभं करावं, विचारणारं कोण?

सटवाजीनं कमरेचा दोर सोडला. "तेव्हाच मालकांना लावून गाठ मारलीय. ह्यानंच मापलं."

असं सगळेच म्हणतात. बाईंनी दोर घरात नेला. यजमान हात ताणून ज्या खुंटीला टोपी अडकवायचे, तिथं स्टुलावर चढून त्यांनी दोराचं टोक लावलं. गाठ बरोबर जमिनीला टेकली.

"पटलं का?"

"पटलं. दोर मात्र इथंच राहू दे."